कॉलेजचे पहिले वर्ष आणि एक न विचारलेला प्रश्न

आपल्या शाळेच्या वार्षिकात माजी विद्यार्थ्यांनी लिहिलेले लेख बहुधा एका साच्याचे असतात. लेखक कोठे तरी यशस्वी झालेला असतो. तो शाळेचे व गुरुजनांचे ऋण मान्य करतो आणि धाकट्या बंधुभगिनींस उपदेशाचे चार शब्द सांगून रजा घेतो. शाळेत असताना आम्हीही असे लेख आवडीने वाचीत असू. ह्या खेपेस संपादक गुरुजींकडून आम्हांस लेखाविषयी निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला. कारण सांगण्याजोगे यश आमच्या पदरी नव्हते. गुरुजी म्हणाले, "मग जे पदरी आहे ते लिही." तेव्हा हा लेख त्यांच्या आज्ञेने लिहीत आहोत, आणि त्यात काही कडू निघाल्यास त्यातील थोडा वाटा त्यांच्या माथी मारण्यास आम्हांस हरकत वाटत नाही.

जे पदरी आहे ते असे. २०२४-२५ ह्या वर्षी आम्ही पुण्यास बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात होतो. शाळेत असताना गणितात आमचा क्रमांक कधी तिसऱ्याच्या खाली गेला नव्हता. त्याच विषयात पहिल्या सत्राच्या परीक्षेत आम्ही नापास झालो. ही गोष्ट आम्ही घरी तीन आठवडे लपवून ठेविली. ह्या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक वाईट होती हे आज कळते. परंतु दोहोंच्याही आधी घडलेली एक तिसरी गोष्ट आहे, ती ह्या दोघींची आई, आणि तिच्याविषयीच हा लेख आहे. वर्गात आम्हांस एक गोष्ट समजली नव्हती व आम्ही तसे म्हटले नाही.

येथे कोणी रामानुजन ह्यांचे नाव घेऊन आमचे समाधान करू पाहील; तेही कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले होते. तो मोह आम्ही आवरला आहे. रामानुजन गणितात अव्वल असून इतर विषयांत नापास झाले. आम्ही इतर सर्व विषयांत पास होऊन एकट्या गणितात नापास झालो. साम्य फारसे जुळत नाही.

वर्ष सर्वस्वी दुःखात गेले असे मात्र नव्हे. धायरीकडे तिघा विद्यार्थ्यांनी मिळून आम्ही एक खोली घेतली होती. एक सोबती लातूरकडील, दुसरा जळगावकडील. खोलीत सामान लावून पुरते झाले नव्हते तोच २५ जुलै २०२४ रोजी मोठा पाऊस होऊन खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूस एकतानगरीसारख्या सखल वस्तीत घराघरांतून पाणी शिरले. आमची खोली चढावर असल्यामुळे वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिकडे गेलो आणि अनोळखी लोकांच्या भिजलेल्या गाद्या, कपाटे व धान्याचे डबे बाहेर काढू लागलो. पुण्याची व आमची खरी ओळख त्या चिखलात झाली. पुढे रविवारी पहाटे सिंहगड चढावा, वर पिठले-भाकरी व मडक्यातील दही खावे, आणि ऊन चढण्यापूर्वी उतरावे असा क्रम पडला. प्रयोगशाळेत प्रथमच आमच्या हाताने केलेले मोजमाप पुस्तकातील आकड्याशी जवळजवळ जुळले, तेव्हा झालेला आनंदही ह्याच वर्षातील. असो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. बारावीपर्यंत आम्ही गणितात 'सीमा' काढीत असू, म्हणजे काय करीत असू? क्षच्या जागी किंमत घालावयाची. वर व खाली दोन्हीकडे शून्य आले तर अवयव पाडून एक पद छाटावयाचे व पुन्हा किंमत घालावयाची. उत्तर बरोबर येई, गुण मिळत, आणि आपणांस सीमा समजली असे वाटे. कॉलेजच्या दुसऱ्याच आठवड्यात प्राध्यापकांनी फळ्यावर सीमेची व्याख्या लिहिली. तीत आकडा एकही नव्हता. एप्सिलॉन व डेल्टा अशी दोन ग्रीक अक्षरे होती, "प्रत्येक" व "असा एक तरी" असे शब्द होते, आणि उणे-अधिकच्या चिन्हांपेक्षा उभ्या रेघा अधिक होत्या. प्राध्यापकांनी ती एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली, मग वर्गाकडे वळून विचारले, "समजले?" आम्हां सुमारे शंभर जणांतून "येस सर" असा आवाज निघाला. त्यात आमचाही होता.

हा आवाज आमच्या ओळखीचा होता. आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात तो दिवसातून कितीदा तरी निघतो. गुरुजी विचारतात, "समजले का रे?" आणि सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्या "हो" चा अर्थ "समजले" असा नसतो. "पुढे चला" असा असतो. आमच्या गुरुजनांविषयी आम्हांस आदर आहे व त्यांनी आमच्यासाठी घेतलेले कष्ट आम्ही विसरलो नाही, म्हणूनच हे लिहिण्याचे धैर्य करितो. शाळेने आम्हांस उत्तर देण्यास उत्तम शिकविले. हात वर करावयाचा तो उत्तर येत असेल तर, ही सवय इतकी अंगी मुरली की उत्तर येत नसताना हात वर करावयाचा असतो हे आम्हांस ठाऊकच नव्हते. आणि ज्याचा क्रमांक वर, त्यास तर ते अधिकच अवघड. वर्गातील कच्च्या मुलाने "समजले नाही" म्हटले तर कोणी आश्चर्य करीत नाही. आमच्यासारख्याने तसे म्हणावे म्हणजे शाळेच्या सन्मानफलकावरील आपले नाव आपल्या हाताने पुसून टाकावे, असे काहीसे आम्हांस तेव्हा वाटे.

कोणी म्हणेल, अडचण भाषेची होती. ती होती, नाही असे नाही. बल, शक्ती व ऊर्जा ह्यांत काय भेद हे आम्ही मराठीत नीट शिकलो होतो; अकरावी-बारावीस पुस्तक इंग्रजी असले तरी समजावून सांगणारे मराठीतच सांगत. पुण्यास वर्गात सारेच इंग्रजीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचे ठरविले. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पेढे आणून शेजारपाजारी वाटले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक साधी शंका विचारण्यापुरते चार इंग्रजी शब्द जुळविता येईनात म्हणून मान खाली घालून बसलो. हा विरोध त्या वेळी आमच्या मनास फार लागला. परंतु पुढे सत्रान्ती कळले की आमच्या वर्गातील इंग्रजी माध्यमाच्या कित्येक मुलांसही ती व्याख्या समजली नव्हती. ते इंग्रजीत गप्प होते, आम्ही मराठीत. तेव्हा सारा दोष भाषेवर घालणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

न समजलेली गोष्ट मागे राहात नाही. ती पुढच्या प्रत्येक पाठात पुढे येऊन उभी राहते. सीमा समजली नाही म्हणून सातत्य समजेना, सातत्य समजेना म्हणून विकलनाचे प्रमेय समजेना. ऑगस्टात जो प्रश्न एका वाक्याचा होता तो नोव्हेंबरात अर्ध्या पुस्तकाएवढा झाला. आम्ही प्रमेये पाठ केली. परीक्षेत प्रश्न थोडे फिरवून विचारिले होते. ४ जानेवारी २०२५ रोजी निकाल भ्रमणध्वनीवर पाहिला, आणि पडदा विझवून तो खिशात ठेविला.

आमचे तीर्थरूप एस.टी.त वाहक आहेत. २०२१-२२ सालच्या संपाचे ते महिने आमच्या घरी कसे गेले हे आमच्या गावातील अनेक घरांस स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असेल. आमचे दहावीचे वर्ष तेच. मातोश्री शिवणकाम करितात, त्यावर त्या दिवसांत घर चालले. पुण्यास शिकण्याचा खर्च ह्या दोघांनी कसा उचलला ह्याचा हिशेब आम्ही कधी विचारिला नाही व त्यांनी सांगितला नाही. पाळीप्रमाणे पुण्याची फेरी आली की तीर्थरूप घरचा डबा घेऊन येत आणि आम्ही त्यांस स्वारगेटच्या स्थानकावर भेटत असू. गाडी परत निघण्यास अर्धा तास असे. त्या अर्ध्या तासात ते एकच प्रश्न विचारीत, "अभ्यास ठीक ना?" आणि आम्ही म्हणत असू, "ठीक." जानेवारीत अशा दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी निकालाविषयी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "अजून लागला नाही." त्या दिवशी डब्यात तिळाच्या वड्या होत्या. खोलीवर येऊन त्या आम्ही सोबत्यांस देऊन टाकिल्या.

त्याच महिन्यात आमच्या भागावर निराळेच संकट आले. नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी ह्या बाजूस गुलियन-बॅरे नावाच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले. ह्यात हातापायांतील बळ एकाएकी जाते, आणि रोग वाढल्यास श्वासास यंत्राचा आधार द्यावा लागतो. महिनाअखेर रुग्णांची संख्या शंभरावर गेली व दूषित पाण्याकडे बोट दाखविले जाऊ लागले. आम्ही पाणी उकळून पीत होतो. परंतु वृत्तपत्रातील बातमी वाचून मातोश्रींनी धोसरा धरिला आणि तीर्थरूप रजा काढून थेट खोलीवर येऊन उभे राहिले. आम्ही त्यांच्याबरोबर निघालो. गाडीत त्या दिवशी ते वाहक नव्हते, आमच्या शेजारी प्रवासी होते. अर्धा तास नव्हे, पुरे चार तास हाताशी होते. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि आम्ही सांगून टाकिले.

ते रागावले असते तर बरे झाले असते. काही वेळ ते खिडकीबाहेर पाहात राहिले. मग म्हणाले, "निकाल कधी लागला?" आम्ही तारीख सांगितली. ते म्हणाले, "बाळा, आमच्या पिशवीत तूट येते कधी कधी. सुट्ट्या पैशांचा घोळ होतो, कुणाला जास्त परत दिले जातात. संध्याकाळी आगारात हिशेब देताना ती आम्ही खिशातनं भरतो. वीस रुपये असले तर वीस, दोनशे असले तर दोनशे. तुटीनं कुणाची नोकरी जात नाही. ती दडवली तर जाते." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "पण मीही तुला 'ठीक ना' असंच विचारत होतो."

हे शेवटचे वाक्य आमच्या पालकवर्गाने ध्यानी घ्यावे अशी आमची विनंती आहे. "अभ्यास ठीक ना?" ह्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेविलेले असते, मुलाने केवळ मान हालवावयाची. "किती गुण पडले?" हा दुसरा प्रश्न. तो काही वाईट नाही, परंतु तो विचारण्याची वेळ येते तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. पालकांस एप्सिलॉन-डेल्टा ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या मातोश्रींस ते ठाऊक नव्हते, आणि तरी ती व्याख्या आम्हांस प्रथम समजली ती त्यांच्यामुळे.

गोष्ट अशी घडली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही पुस्तक उघडून बसलो होतो व मातोश्री यंत्रावर झंपर शिवीत होत्या. त्यांनी विचारले, "काय अडलंय नेमकं?" आम्ही म्हणालो, "तुला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "मला नको सांगू. मोठ्यानं वाच." आम्ही व्याख्या मराठी करून वाचिली: तुम्ही उत्तरातील चूक कितीही लहान ठरवा, मी मूळ संख्येत अशी एक मर्यादा देईन की तिच्या आत राहिल्यास उत्तर तेवढ्या चुकीबाहेर जाणार नाही. मातोश्रींनी पायटा थांबविला. "म्हणजे गिऱ्हाइकानं सांगायचं, बाही अर्ध्या बोटापेक्षा जास्त चुकायला नको. मग मी ठरवायचं की कापताना किती जपायचं. गिऱ्हाईक अजून कडक झालं, म्हणालं पाव बोट, तर मी कात्री अजून जपून चालवायची. गिऱ्हाईक कितीही कडक असो, मला जपता आलं पाहिजे." आम्ही पुस्तकाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. ती व्याख्या तीच होती. "प्रत्येक" म्हणजे गिऱ्हाईक, "असा एक तरी" म्हणजे कात्री. आणि बोलण्याची पहिली पाळी गिऱ्हाइकाची, हे जे पाच महिने आमच्या डोक्यात शिरले नव्हते, ते पुस्तक कधी न पाहिलेल्या बाईने झंपर शिवता शिवता सांगितले. त्यांना आम्ही तसे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हे ऑगस्टातच विचारायचं होतंस की."

नंतर कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही ह्या व्याख्येचा इतिहास वाचिला, आणि आमची लाज बरीच ओसरली. कलनाच्या शोधाचे श्रेय न्यूटन व लायब्निट्स ह्या दोघांस देतात. लायब्निट्सचा त्यावरील निबंध १६८४ साली छापला गेला. पद्धत चमत्कारिक उपयोगी होती. ग्रहांच्या गती तिने सुटू लागल्या. पण तीत एक राशी अशी होती की भागाकार करिताना ती शून्य नाही असे मानावयाचे व उत्तर लिहिताना तीच शून्य म्हणून टाकून द्यावयाची. सारे विद्वान "येस सर" म्हणून पुढे चालले होते. १७३४ साली जॉर्ज बर्कली नावाच्या एका बिशपने पुस्तक लिहून जाहीर विचारले की ही राशी आहे तरी काय? ते धर्मगुरू होते व गणितज्ञांची खोड मोडण्याचा त्यांचा हेतू होता हे उघड आहे. परंतु प्रश्न खरा होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुष्कळ काळ गेला. पॅरिसमध्ये कोशी ह्यांनी १८२१ साली सीमेच्या कल्पनेवर सारी रचना उभी केली, आणि आज आम्ही शिकतो त्या एप्सिलॉन-डेल्टाच्या भाषेत ती पक्की झाली ती त्याही नंतर, बर्लिनमध्ये वायरश्ट्रास ह्यांच्या हातून. जी गोष्ट नीट मांडण्यास युरोपातील श्रेष्ठ बुद्धीस शतकाहून अधिक काळ लागला, ती एका तासात न समजणे हा काही गुन्हा नव्हता. परंतु त्या तासास आमच्या वर्गात बर्कली कोणी झाला नाही.

आक्षेप येईल की शंभर मुलांच्या वर्गात प्रत्येकाने हात वर केला तर पाठ कधी संपावयाचा? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. प्राध्यापकांवर अभ्यासक्रमाचे ओझे असते, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची व श्रेयांकांची गर्दी वाढली आहे, कमी झालेली नाही. परंतु आमचा अनुभव सांगतो की शंभर मुलांचे शंभर निरनिराळे प्रश्न नसतात. फेब्रुवारीत परत गेल्यावर आम्ही एके दिवशी उठून उभे राहिलो आणि मोडक्या इंग्रजीत म्हणालो की ही पायरी समजली नाही. वर्गात शांतता झाली. प्राध्यापक क्षणभर आमच्याकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "मला वाटलेच होते," व ती पायरी पुन्हा सुरुवातीपासून, निम्मी मराठीत, समजावून दिली. पाच मिनिटे लागली. तास संपल्यावर चौघे-पाच जण येऊन म्हणाले, "बरे झाले विचारलेस." त्यातील एक पहिल्या सत्रात वर्गात पहिला आलेला होता.

शाळेसाठी आमची एक लहानशी सूचना आहे. गुरुजनांस ती उद्धटपणाची वाटू नये. साप्ताहिक चाचणीच्या शेवटी एक गुण अशा प्रश्नाला ठेवावा: ह्या आठवड्यात तुला काय समजले नाही ते लिही. "सर्व समजले" असे लिहिणाऱ्यास शून्य. ज्याने आपली अडचण नेमकी लिहिली, त्यास तो गुण पूर्ण द्यावा. मुले प्रारंभी गुणासाठी खोट्या अडचणी रचतील, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. परंतु खोटी अडचण नेमकी रचावयाची तरी पाठ वाचावा लागतोच.

राहिलेल्या गणिताच्या परीक्षेचा निकाल एप्रिलअखेर लागला. आम्ही पास झालो; गुण फार नाहीत, आणि ते येथे न सांगण्याची मुभा आम्ही घेतो, कारण आमच्या घरी आता त्यांच्याविषयी सर्वांत शेवटी विचारले जाते. मे महिन्यात एका रविवारी तीर्थरूपांची पुण्याची फेरी होती. स्वारगेटच्या स्थानकावर बाकावर बसून त्यांनी डबा आमच्या हाती दिला, पाण्याची बाटली उघडली आणि विचारले, "बोल, या आठवड्यात काय अडलं?" आम्ही टेलरच्या प्रमेयास सुरुवात केली. ते लक्षपूर्वक ऐकत होते. कितपत कळत होते ते देव जाणे. मधेच त्यांनी विचारले, "हा टेलर म्हणजे शिंपी का?" आम्ही म्हणालो, "नाही बाबा, ते आडनाव आहे." तोवर गाडीची वेळ झाली. तिकिटाचे यंत्र गळ्यात अडकवीत ते उठले व म्हणाले, "उरलेलं पुढच्या फेरीला. आईलाही सांग, तिला शिंप्याचं लवकर कळेल."